अस्सलरावांचं अपेंडिक्स

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने लिफ्टला नावं ठेवू नयेत, एवढं साधं व्यवहारज्ञान अस्सलरावांना नव्हतं. कंपनीचा निळा डगला घालून, कमरेला पान्यांचा पट्टा बांधून ते दिवसभर कुणाच्या तरी गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत ग्रीसमध्ये हात घालून बसायचे. काम संपलं की उतरायचे मात्र जिन्याने. वाटेत लिफ्टसाठी ताटकळणारा कुणी तरणाताठा दिसला की थांबून विचारायचे, "पाय दिलेत ना? मग वापरा की. नाहीतर चार पिढ्यांनी गळून पडतील."

त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीपलीकडे कुणी वापरत नसे. कंपनीतून नवा सुटा भाग आला की ते तो हातावर तोलून बघायचे, नाक मुरडायचे आणि जुना भाग उचलून म्हणायचे, "हा बघा. अस्सल." माणसांच्या बाबतीतही त्यांची हीच नजर होती. गोळ्या, चष्मे, इंजेक्शनं यांच्यामुळे कच्चा माल टिकून राहतो, त्याला मुलं होतात, ती आणखी कच्ची निघतात आणि अशाने माणसाची जात पार भुसभुशीत होणार, असा त्यांचा सिद्धांत होता. हे सगळं ज्ञान त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर व्हिडिओ बघून मिळवलं होतं. गुहेतला माणूस कसा राहायचा हे मोबाईलवर बघण्यात काही गंमत आहे, असं त्यांना कधी वाटलं नाही.

समोरचा माणूस अस्सल आहे की नाही हे ओळखायला त्यांच्याकडे एकच परीक्षा होती. "समजा, वाघ मागे लागला, तर?"

घरात या परीक्षेला फक्त तेच पास होते. पडदे शिवण्याच्या दुकानात काम करणाऱ्या त्यांच्या बायकोला जाड भिंगांचा चष्मा होता, सकाळी उठल्याबरोबर थायरॉइडची गोळी होती, आणि मुलगी झाली तीसुद्धा पोट कापून.

"अगं, गुहेत असतीस तर पहिल्या दिवशीच गेली असतीस," ते कौतुकाने म्हणायचे.

"गुहेत असते तर तुमच्याशी लग्न तरी टळलं असतं," ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची. "आणि एवढी वर्षं झाली, आपल्या जिन्यात मीटर बघणाऱ्याशिवाय कुणी आलेलं नाही. वाघाचं काय घेऊन बसलात?"

पण खरा नापास होता तो जावई. एका छापखान्यात पुस्तकांची मुद्रितं तपासायचा. किडकिडीत अंगाचा, सासूपेक्षाही जाड चष्मा लावणारा आणि खिशात कायम दम्याचा पंप बाळगणारा. मुलीने लग्न ठरवलं तेव्हा अस्सलराव तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "माणूस चांगला आहे, पण जरा तकलादू आहे गं." मुलगी म्हणाली, "बाबा, मला नवरा हवाय, लिफ्टचा दोर नकोय." विषय तिथेच मिटला. तरी त्या दिवसापासून ते जावयाशी असं जपून बोलायचे, जणू आवाज चढवला तर त्याला तडा जाईल.

अशात त्यांच्याच इमारतीची लिफ्ट कुरकुरायला लागली. काम त्यांच्याच कंपनीकडे आलं. शनिवारी त्यांनी मोठ्या प्रेमाने मोटरचा ब्रेक उतरवून ठेवला. नवा सोमवारी यायचा होता. "दोन दिवस चढा-उतरा जरा," शेजाऱ्यांना ते म्हणाले. "रक्त खेळतं राहील."

रविवारी सकाळी पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीपाशी. ते गरम पाणी प्यायले. मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं.

"डॉक्टरांना फोन करू का?" बायकोने विचारलं.

"गॅस आहे. शरीराला लढू दे. उगाच मध्ये पडायचं नाही." एवढं म्हणून शरीराला लढायला हुरूप यावा म्हणून त्यांनी बैठका काढायला घेतल्या. तिसऱ्या बैठकीला खाली बसले ते उठलेच नाहीत. तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम. तशातही म्हणाले, "आता जरा बरं वाटतंय."

बायकोने आधी अँब्युलन्सला फोन केला, मग दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या जावयाला (मुलगी बाहेरगावी गेली होती), आणि मग पिशवीत टॉवेल, कपडे, दात घासायचा ब्रश भरायला लागली.

अँब्युलन्समधून दोघं जण पाच मजले चढून धापा टाकत वर आले. त्यातल्या वयस्क माणसाने जिन्याकडे पाहून डोकं हलवलं. "स्ट्रेचर या वळणावर वळणार नाही. लिफ्ट बंद का ठेवलीय हो? कुणी उघडून ठेवलीय?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं.

शेवटी त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवून चादरीने बांधलं. एकाने मागून धरलं, दुसऱ्याने पुढचा एक पाय. पुढचा दुसरा पाय धरायला एवढ्यात जिना चढून आलेला जावई होता. त्याची छाती शिट्टीसारखी वाजत होती.

"तुम्हाला झेपेल का?" वयस्क माणसाने शंकेने विचारलं.

"झेपेल," जावई म्हणाला.

वरात निघाली. पुढे पिशवी घेतलेली बायको, प्रत्येक मजल्यावर चपला आणि कुंड्या बाजूला सारत. मागे खुर्ची. दर वळणावर खुर्ची खाली टेकवायची, जावयाने पंप काढून दोनदा ओढायचा, डोळे मिटून श्वास धरायचा, सोडायचा, चष्मा वर ढकलायचा आणि पुन्हा पाय पकडायचा. असं प्रत्येक मजल्यावर. अस्सलरावांच्या नाकासमोर त्याचा हात होता. मनगट बांगडीत मावेल एवढं, पण खुर्ची तसूभर कलली नाही.

दुसऱ्या मजल्यावर अस्सलराव कण्हत म्हणाले, "जावईबापू, सोडा मला. मी चालतो."

"बाबा, हलू नका. तोल जातो."

"दम लागलाय तुम्हाला."

"तो रोजच लागतो," जावई म्हणाला. "मला त्याची सवय आहे."

पुढच्या वळणावर अस्सलराव पुटपुटले, "आत्ता वाघ आला आणि तुम्ही मला इथे टाकून पळालात, तरी मी वाईट वाटून घेणार नाही हं." जावयाला हसू आलं, हसण्याने खोकला आला आणि मागच्या माणसाने दोघांनाही दम भरला.

ऑपरेशन दुपारी झालं. दुसऱ्या दिवशी सर्जन बाई तपासायला आल्या, तेव्हा अस्सलराव पोटावरच्या तीन छोट्या पट्ट्या बघत पडले होते. एवढ्याशा भोकांतून कॅमेरा आत घातला, हे त्यांना मेकॅनिक म्हणून फार आवडलं होतं. फक्त मशीन आपण होतो, एवढीच खंत होती.

"अपेंडिक्स होतं. फुटायच्या बेतात होतं," बाई म्हणाल्या.

"त्याचा उपयोग काय असतो?"

"त्यावर अजून वाद आहे."

"आणि ही असली ऑपरेशनं निघालीच नसती तर? जुन्या काळासारखं?"

"तर बहुतेक आपण आत्ता बोलत नसतो."

अस्सलरावांनी एक पट्टी बोटाने चाचपली. "म्हणजे निसर्गाच्या परीक्षेत मी नापास."

"निसर्ग परीक्षा घेत नाही हो. जे राहिलं ते राहिलं, एवढंच. शिवाय तुमची मुलगी कधीच मोठी झाली. जे काही पुढे द्यायचं ते तुम्ही देऊन बसलात. आता तुमचं काहीही झालं तरी उत्क्रांतीचं फारसं बिघडणार नव्हतं."

हे मात्र त्यांना लागलं. "म्हणजे मी गेलो असतो तर काहीच फरक पडला नसता?"

"उत्क्रांतीला नाही," बाईंनी खिडकीपाशी टॉवेलची घडी घालणाऱ्या त्यांच्या बायकोकडे हात केला. "यांना विचारा."

बायकोने मान वर केली नाही. घडी झालेला टॉवेल तिने पुन्हा उलगडला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला लागली.

घरी सोडलं तेव्हा लिफ्ट चालू झाली होती. दुसऱ्या मेकॅनिकने ब्रेक बसवला होता. पाचव्या मजल्यापर्यंत अस्सलराव काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांची तब्येत खरंच नाजूक होती.

गोंधळ झाला तो गोळ्यांचा. सकाळची रात्री आणि रात्रीची सकाळी घेऊन ते भर दुपारी घोरायला लागले, तेव्हा बायकोने पाकीट त्यांच्या समोर धरलं. "काय लिहिलंय वाचा." त्यांनी पाकीट लांब धरलं, आणखी लांब धरलं, मग म्हणाले, "हात जरा आखूड पडतोय."

चष्म्याच्या दुकानात ते कुरबुर न करता गेले, याचंच तिला नवल वाटलं. जावयालाही सोबत नेलं होतं, कारण काड्या कशा असाव्यात यातलं त्याला कळतं, असं अस्सलरावांनी स्वतःहून जाहीर केलं. चारेक दिवसांनी चष्मा तयार झाला. दुकानदाराने तो कानांवर अडकवला. अस्सलरावांनी हातातलं जाहिरातीचं कार्ड अगदी खालच्या बारीक ओळीपर्यंत वाचून दाखवलं आणि मग काड्या सारख्या करायला पुढे वाकलेल्या बायकोकडे त्यांची नजर गेली. ते बघतच राहिले.

"काय झालं?"

"तुझ्या डोळ्यांपाशी या एवढ्या रेघा कधी आल्या गं?"

"झाली की पाच-सहा वर्षं. तुम्ही गुहेत होता तेव्हा."

जावई घाईघाईने काचेच्या कपाटाकडे वळून फ्रेमा बघायला लागला. अस्सलरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि बोट लावून एकेक रेघ नीट बघितली. दुकानदार पुढच्या गिऱ्हाईकाला बोलवायचं थांबला होता.