करंगळीचं पेर

कोपरखैरण्याच्या दवाखान्यात ती माझ्या शेजारी बसली होती. दोघींनाही एंडोमेट्रिओसिसच निघालेलं, पाळीत जीव नकोसा करणारं गर्भाशयाच्या अस्तराचं दुखणं. एका हातानं पर्स ओटीपोटावर दाबून, दुसऱ्या हाताच्या पेरांवर अंगठा टेकवत ती डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घोकत होती. सगळ्यात आधी, करंगळीपाशी, 'मूल होईल का?', अगदी शेवटी 'दुखणं कधी थांबेल?'

"दुखण्याचं आधी विचार ना!" मी चिडूनच म्हटलं.

तिनं दाराशी उभ्या सासूकडे पाहिलं. "नको ताई. पोराचं आदी विचारलं तर घरची मला परत आनतील. नुसत्या दुखन्यासाठी कोन आनतंय?"

नंबर लागला. सासूही आत गेली.

दोघी लगेचच बाहेर आल्या. "पोराचं कठीन हाय म्हनतात," सासू फोनवर सांगत होती, "आता कशाला यायचं परत?"

तिचा अंगठा अजून करंगळीवरच होता.