उसनी शिपाई
चहा उतू गेल्याचा करपट वास आला की बुढापारा या तलावाकाठच्या वस्तीजवळचं ते ठाणं आठवतं. शहर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं आणि चार ठाण्यांत महिला शिपाई मी एकटीच, म्हणून बाईला पकडायचं असलं की उसनी जायची. तिथले नागपूरकडचे ठाणेदार दरवेळी सगळ्यांसमोर म्हणायचे, "पोरी, आधी चहा टाक, ड्यूटी मंग." एकदा त्यांना एक ठग बाई तिच्या घरातच सापडली. त्यांनी पत्रकार बोलावले, मला निरोप धाडला. सूर्यास्तानंतर खास परवानगीशिवाय बाईला अटक होत नाही, हे मला पाठ होतं. तलावाच्या काठाने मी रमतगमत गेले. ठाण्यात पोचले तेव्हा दिवे लागले होते. म्हटलं, "साहेब, दिवस बुडाला. आता चहा टाकू का?" टाकला, आणि पत्रकारांसमोर खुशाल उतू जाऊ दिला. पहाटे बाई घराच्या मागच्या दाराने निसटली, पेपरात शोभा झाली आणि साहेबांची बदली झाली. तो करपट वास मला अजून गोड लागतो.