उपाशीपोटी आलेले आकडे

आमच्याकडे सुई न देणारा डॉक्टर म्हणजे डॉक्टरच नाही. ताप असो, कंबर धरलेली असो, पेशंट बाही वर करूनच आत येतो. खेड्यातल्या डॉक्टरांचं पोटही त्या सुईवरच चालायचं. आणि मी, परभणीत वीस वर्षं दवाखाना चालवणारी बाई, अठरा गावच्या अठरा डॉक्टरांना सांगत होते की सुईचे पैसे विसरा. एका ट्रस्टने योजना आणली होती. डॉक्टरला दर कुटुंबामागे वर्षाची ठरलेली रक्कम, आणि पेशंटची साखर, बीपी ताब्यात राहिलं तर वर थोडं आणखी. माणूस बरा राहिला तर डॉक्टरचं भलं, एवढीच गोष्ट. गटाची प्रमुख मी. मला हे इतकं पटलं होतं की कुणी शंका काढली तरी डोकं फिरायचं. पेडगावचे डॉक्टर म्हणाले, सुई नाही दिली तर पेशंट बाजूच्या गावात जातो. मी म्हटलं, जाऊ द्या, येईल परत.

दर तीन महिन्यांच्या बैठकीत भिंतीवर यादी लावायची, ज्याच्या पेशंटांची साखर चांगली तो वर, ज्याची वाईट तो खाली, ही अक्कल माझीच. पहिल्याच यादीत ताडकळसचे डॉक्टर खालून दुसरे आले. ते आमच्यात सगळ्यांत वडील. शिकत असताना टाका कसा घालायचा हे मला त्यांनी हात धरून दाखवलेलं. तरी मी सगळ्यांदेखत बोलून गेले की सर, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. अजून आठवलं की जीभ चावावीशी वाटते. ते चष्मा पुसत बसले.

पुढच्या यादीत ते सगळ्यांच्या वर होते. टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या.

हे त्यांनी कसं जमवलं ते बघावं आणि बाकीच्यांना शिकवावं, म्हणून त्यांच्या तपासणीच्या दिवशी मी ताडकळसला गेले. बाजाराचा दिवस होता. लोक बाजाराच्या पिशव्या घेऊनच ओळीत बसलेले. त्यात किराणा दुकानवाल्याची बायको होती, साठीची, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. बसल्या बसल्या ती भिंतीकडे कलली. हात धरला तर गार, कपाळावर घाम. बोटातलं रक्त तपासलं तर साखर भलतीच खाली गेलेली. घोट घोट करून साखरेचं पाणी पाजलं. दहा मिनिटांनी तिची नजर ठिकाणावर आली.

विचारलं, मावशी, जेवलात कधी? म्हणाली, परवा रात्री. तपासणीला सकाळी उपाशीपोटी या, एवढंच आम्ही सांगितलेलं. हिने त्याच्या आधीचा अख्खा दिवस पोटात काही घातलं नव्हतं, आणि साखरेच्या गोळ्या मात्र न चुकता घेतल्या होत्या. मी चिडलेच. असं करायला कुणी सांगितलं म्हणून ओरडले.

"कुणी न्हाई सांगितलं, बाई. आमच्या डाक्टरचं नाव यादीत खाली गेलं म्हनं. चार लोकांत मान खाली झाली त्यांची. मंग आमी सारेच एक दिस आधी उपास धरायलोत."

मी ओळीकडे पाहिलं. कुणी माझ्या नजरेला नजर देईना. देवाला धरावा तसा उपास अख्ख्या ओळीने डॉक्टरच्या नंबरासाठी धरला होता. सरांबरोबर बैठकीला आलेल्या कंपाउंडरने तिथली गोष्ट गावात सांगितली, आणि गावाने परस्पर आपल्या डॉक्टरची इज्जत सांभाळली. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. ते मटकन खुर्चीत बसले. त्यांचा तो चेहरा बघून मला शंका घ्यायला जागाच उरली नाही.

एवढ्या उन्हात मावशींच्या उजव्या पायात मोजा होता. मी काढायला लावला. दोन बोटं काळी पडलेली. महिनाभर ती जखम घेऊन हिंडत होती आणि डॉक्टरला दाखवत नव्हती, कारण तेच, जखम दिसली तर डॉक्टरचं नाव पुन्हा खाली जाईल. मी तिला गाडीत घातलं. सर परभणी येईपर्यंत मागच्या सीटवर तिचा पाय मांडीवर घेऊन बसले. सर्जन म्हणाले, बोटं तर जाणारच. पाऊल राहतंय का, ते चार दिवसांनी सांगतो.

त्या चार दिवसांतच आमची बैठक आली. यादी मी सगळ्यांसमोर भिंतीवरून काढली, फाडली, आणि ताडकळसला काय घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. मग पुढचं मांडलं. एका दिवसाच्या उपासाला न फसणारी, तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी करायची. साखरेच्या आधी चपला काढून प्रत्येकाचे पाय बघायचे. ज्या डॉक्टरला जखम वेळेत सापडेल त्याचं ते काम चांगलं धरायचं, डाग नाही. ट्रस्टचा माणूस म्हणाला, मॅडम, असे आकडे तर खराब दिसतील. मी म्हटलं, दिसू द्या, खरे असतील. मंजूर नसेल तर दुसरा प्रमुख शोधा, पण मी खोट्यावर सही करणार नाही. मागून कुणीतरी बोललं की त्यापेक्षा आपली सुईच बरी होती, आणि एक जण उठून गेलाही.

तेव्हा सर उभे राहिले. "बाई चुकली, काम चुकलेलं नाही. मी राहणार. शेवटच्या नंबरावर राहणार असेन तरी राहणार." बाकीचे बसून राहिले. मला लय रडू येत होतं, पण मी पाय तपासायचा कागद वाटायला घेतला.

चौथ्या दिवशी सर्जनने पट्टी सोडली. दोन बोटं गेली होती, पाऊल वाचलं होतं. मावशींच्या खाटेशी बसून मी ते त्यांना सांगितलं. माफ करा म्हटलं, माझ्यामुळे झालं.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुमचं काय चुकलं, बाई? तुमी आकडा मागितला, आमी आकडा दिला. पायाचं इचारलं असतं तर पाय दावला असता."