वारा सरल्याची चिठ्ठी

अकरा वर्षांत भैयासाहेब आपल्या विहीणबाईंशी थेट बोलले नव्हते. सुरेखाबाई दोन हातांवर बसलेल्या असल्या, तरी ते पत्नीला, विनोदिनीबाईंना, सांगत, "त्यांना चहा हवा का, विचार." आजोबा देवास संस्थानात कारभारी होते, संस्थान गेलं, अदब राहिली. भैयासाहेबांची स्वतःची नोकरी नोंदणी कार्यालयात दस्तऐवज लिहिण्यात गेली. त्यामुळे अवघड गोष्ट बोलण्यापेक्षा लिहिणं त्यांना सोपं वाटे.

अशा माणसाचं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. चार छोटी भोकं, दुसऱ्या दिवशी घरी, असं डॉक्टर योगेंद्र म्हणाले होते. ऑपरेशन झकास झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा खाटांच्या वॉर्डात शिरता शिरता डॉक्टरांनी खणखणीत आवाजात विचारलं, "दादाजी, गैस पास हुई?"

उशाशी विनोदिनीबाई, पायथ्याशी बागलीहून पहिल्या बसने आलेल्या विहीणबाई. भैयासाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

खरं तर पहाटेच, संडासातला नळ पूर्ण सोडून, ते कार्य निर्विघ्न पार पडलं होतं. पण विहिणीसमोर कबुली द्यायची म्हणजे काय!

पोट थोडं फुगलं होतं, खांदाही दुखत होता. दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात वायू भरतात, त्याने असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. आधी आपणच भरायचा आणि मग रुग्णाला जाब विचारायचा, हे भैयासाहेबांना गैर वाटलं.

वारा सरेपर्यंत खाणं बंद, सलाइन सुरू. संध्याकाळी तोच प्रश्न, तीच मान. रात्री उलटी झाली, तेव्हा नाकातून नळी घातली. शेजारच्या खाटेवरचा रघुजी पोह्यांवर शेव भुरभुरवत काळजीने विचारी, "दादा, हुई के नी?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टर गंभीर झाले. आतड्याला इजा तर झाली नसेल? दुपारी स्कॅन, आणि गरज पडलीच तर पुन्हा दुर्बीण घालून बघायचं.

'पुन्हा' ऐकून भैयासाहेबांना घाम फुटला. औषधाच्या खोक्याच्या पाठीवर त्यांनी लिहिलं, "काल पहाटे, व तदनंतर दोन वेळा, वारा सरला आहे. सबब पुन्हा दुर्बीण घालण्याचे प्रयोजन नाही." खाली सही, तारीख. चिठ्ठी गुपचूप नर्सच्या, सीताच्या हातात दिली.

सीताला मराठी येत नव्हतं. ती चिठ्ठी घेऊन सरळ सुरेखाबाईंकडे गेली. चौतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या सुरेखाबाईंना मनात वाचायची सवयच नव्हती. चष्मा लावून त्यांनी सहीतारखेसकट सगळं मोठ्याने वाचलं. मग सीतासाठी तितक्याच मोठ्याने हिंदीत सांगितलं. रघुजीने पोह्यांची बशी खाली ठेवून हात जोडले.

भैयासाहेबांनी चादर डोक्यावरून ओढली.

डॉक्टर धावत आले. पोट चाचपलं, हसू दाबलं, स्कॅन रद्द केला, नळी काढली आणि मुगाचं पाणी द्यायला सांगितलं. घरून आलेल्या थर्मासमधलं पाणी सुरेखाबाईंनीच वाटीत ओतलं.

"घ्या," त्या चादरीला म्हणाल्या, "आता आपल्यात लपवायचं काय उरलंय?"

चादर हळूहळू खाली आली. भैयासाहेबांनी एक घोट घेतला आणि सवयीने विनोदिनीबाईंना शोधलं. त्या औषधं आणायला खाली गेल्या होत्या. निरुपाय होता.

"मीठ कमी आहे," ते विहीणबाईंना म्हणाले.