तिच्या देशातलं ‘आम्ही’

परदेशात, चांगी विमानतळाजवळच्या बिझनेस पार्कमधल्या ऑफिसात माझ्या शेजारी एक अमेरिकन बाई बसायची. काळी, उंच, अलाबामातल्या एका लहान गावची. टॅक्सीत बसलो की ड्रायव्हर अंकल तिला हमखास विचारायचे, "यू फ्रॉम आफ्रिका, आह?" ती ‘अमेरिका’ म्हणाली की आरशातून बघत हसायचे, "नो लाह!" म्हणजे, छे, काहीतरीच!

"इथे निदान हसून म्हणतात," ती एकदा म्हणाली. "माझे वडील तरुणपणी मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले, तर त्यांना दारातूनच हाकलून दिलं होतं."

मी नागपूरची, बौद्ध घरातली. आपल्याच गावात परकं ठरणं म्हणजे काय, हे मला समजावून सांगायला लागलं नाही. तिच्या देशाच्या घटनेची सुरुवात ‘आम्ही’ने होते, आपल्या संविधानाचीही.

"त्या ‘आम्ही’त तुझी माणसं होती का?" मी विचारलं.

"छे! आत शिरण्यासाठीच तर यादवी युद्ध झालं, मोर्चे निघाले. अजूनही भांडतोच आहोत."

एका रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेलो. वाटेत पत्र्याच्या छपराचं एक जुनं घर लागलं, अंगणात कोंबड्या. ती उतरली आणि बघतच राहिली.

"बाबांचं घर असंच आहे. ज्या देशाने त्यांना धड आपलं म्हटलं नाही, त्याची मला एवढी आठवण का येते गं?"



त्या वर्षी नोव्हेंबरात तिच्या देशाने पहिल्यांदाच एक काळा राष्ट्राध्यक्ष निवडला. आमच्याकडे दुपार होती. कँटीनच्या टीव्हीसमोर उभ्या उभ्याच तिने वडिलांना फोन लावला. बराच वेळ ते नुसते रडत होते. मग म्हणाले, "आता घरी ये, पोरी."

"आता सगळं बदलेल?" मी विचारलं.

"नाही गं. भांडण चालूच राहील. पण ते मला तिथे राहून करायचंय."

काही महिन्यांनी ती गेली, मी इथेच राहिले. वडिलांजवळ राहते, गावातल्या लोकांची मतदार म्हणून नावं नोंदवून घेते. अधूनमधून फोन करते. ती बोलत असते आणि मागे पाखरांचा कलकलाट चाललेला असतो. माझं अर्धं लक्ष तिकडेच. नागपूरच्या आमच्या अंगणात कुठली पाखरं यायची, ते मला काही केल्या आठवत नाही.