क्लाराचं प्रस्थान

माझ्या बायकोला या देशात सलग नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायची परवानगी नाही, आणि आमच्या घरातून सुनेला अमावास्येला बाहेर पडायची परवानगी नाही. हे दोन्ही नियम एकाच दिवशी समोरासमोर येतील, असं मला कधी वाटलं नव्हतं.

क्लारा पोर्तुगालची. आम्ही राहतो तिकडेच. ती पर्यटक व्हिसावर दारव्ह्याला सासरी आली होती. व्हिसा वर्षभराचा, म्हणून मी गल्लीभर सांगत सुटलो, "आता वर्षभर राह्यते!" (मी पहिलीच ओळ वाचली होती.) सलग किती दिवस राहायचं, ते खालच्या ओळीत होतं, आणि ती क्लाराने वाचली. नागपूरहून तिकिटं मिळाली ती नेमकी मुदतीच्या शेवटच्या दिवसाची. विमान चुकलं तर दंड, आणि पुन्हा व्हिसा मिळेल की नाही देव जाणे! इकडे सासू-सुनेचं गूळपीठ असं जमलेलं की घरात पाहुणा मीच!

"त्या दिवशी अमोशा हाय," आई म्हणाली. "सुनेले धाडत नसतेत."

"आई, सरकारचा नियम हाय!"

"मंग तोबी पाळू. आदल्या दिवशी प्रस्थान ठेवू."

प्रस्थान म्हणजे चांगल्या मुहूर्तावर जाणाऱ्याचं सामान शेजारी नेऊन ठेवायचं. सामान निघालं म्हणजे माणूस निघालाच! मी थक्क झालो. एवढी सरळ पळवाट कुठल्या वकिलाला सुचली नसती.

"जाणाराची खास वस्तू पाह्यजे बरं त्यात," आई म्हणाली.

मी डोकं चालवलं. क्लाराच्या पासपोर्टहून खास काय असणार? तो बॅगेत घातला, ओवाळलं आणि बॅग शेजारच्या नंदाकाकूंकडे ठेवून आलो.

सकाळी पाहतो तर काकूंच्या दाराला कुलूप! घामाघूम होऊन फोन लावला.

"मी उमरखेडले हावो ना! बहिणीच्या नातवाचं बारसं हाय."

"काकू, बॅग कुठी हाय?"

"माह्याजोळच! सुन्या घरात परक्याची अमानत कायले ठेवू?"

बॅग उमरखेडला गेल्याचं मी आईला सांगितलं. आईने मात्र हात जोडले. "पाय बरं, किती दूर गेलं प्रस्थान! लय चांगलं झालं!"

"काय चांगलं झालं? त्यात पासपोर्ट हाय!" मी किंचाळलो.

क्लारा शांतपणे चहा पीत होती. तिने माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, "काकू, नागपूरच्या बसमध्ये बसा. आम्ही यवतमाळले येतो." एवढंच! तीन महिन्यांत या बाईने वऱ्हाडी आणि एसटीचे मार्ग दोन्ही शिकून घेतले होते.

यवतमाळच्या स्टँडवर बस थांबली. नंदाकाकू उतरल्या त्या जरीच्या लुगड्यात, बॅग पोटाशी धरून. पोराचं नाव ठेवायच्या आत त्या बारसं सोडून निघाल्या होत्या! "खाली नाही ठेवली बरं," त्या म्हणाल्या. क्लाराने त्यांना मिठी मारली, आणि माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. अशा बायकांपुढे कुठला नियम टिकणार?

आम्ही वेळेवर विमानतळावर पोचलो. काउंटरवरच्या मुलीने क्लाराचा पासपोर्ट पाहिला आणि हसून परत दिला. मग माझी कागदपत्रं पाहिली. हसू गेलं.

"सर, तुमच्या तिकडच्या रहिवासी कार्डाची मुदत संपलीये. तुम्हाला जाता येणार नाही."

क्लारा गेली. तिला जावंच लागलं. मी आईला फोन केला.

"सून गेली ना टायमावर? मंग झालं," आई म्हणाली. "तू ये घरी. तुले कोण हाकलून राह्यलं?"

आमच्या लग्नात परदेशी जोडीदार एक नसून दोन आहेत, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यातला बावळट कोणता, हे काउंटरवरच्या मुलीला मात्र बघताक्षणीच कळलं होतं!