आधी कुनाच्या ताटात

अन्सामावशी बोलायला लागली की आधी जमिनीवर बोटानं चार गोल काढायची. ह्या चार भाकरी, म्हनायची. "सरकार म्हंजी काय गं? आपल्यावानीच घरधनीन. पीठ थोडं, खानारी लई. आधी कुनाच्या ताटात वाढायचं, त्येवढाच सवाल. जी मोठ्यांदा मागती तिला आधी."

ती सख्खी मावशी न्हाई, शेजारची. ग्रामपंचायतीत बायांच्या जागेवर मेंबर. दुष्काळाचं साल, शेवगावच्या अंगाला आमचं गाव, आमी समद्या खडी फोडायला बसायचो अन् ती बी आमच्यातच, मेंबर असून हातात हातोडी. माझे मालक ऊसतोडीला गेल्ते. पोर पाच म्हैन्यांची, लिंबाखाली झोळीत. मी चौथी शिकलेली म्हनून मावशी म्हनली, "शिकीव की मला सही. अंगठा लावला की बाकीचे मेंबर हसत्यात." मातीत काडीनं गिरवून घेतली. आठ दिसांत आली. लई नाचली.

खडीचं काम सरत आलं. तालुक्याचा साहेब म्हनला, सरकारकडं एकाच कामापुरता पैसा हाय, पाझर तलाव नायतर फॅक्टरीचा रस्ता, आधी काय ते पंचायतीनं ठरवा. तलाव गावाला लागून. रस्ता चार कोसावर. माझी तर झोपच उडाली, पोरीला घिऊन चार कोस कशी जाऊ, अन् न्हाई गेले तर खाऊ काय, अंगावर दूध तरी कुठनं येईल. मावशीनं पोरीच्या डोक्यावर हात ठिवला. "आधी पानी. मी हाय न्हवं तितं? अशी वरडते बघ!"

मीटिंगला नेसायला मी माझं लग्नातलं लुगडं दिलं तिला.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकानं ठरावाचं बुक उघडलं. बाया म्हनल्या, वाच गं. बोट ठिवून ठिवून वाचलं. रस्ता. खाली ठराव मांडनाऱ्याची सही. वाकडा अ, मीच गिरवून घेतलेला.

पळतच तिच्या दारात गेले.

"मावशी, तू सही केली?"

"मग काय करती? समद्यांचे हात रस्त्याला. एकटी बाई मी."

"गप बसायचं हुतं. ठराव तूच मांडला की!"

ती माझ्या लुगड्याची घडी घालत हुती. वर बघितलंच न्हाई. "माज्या थोरल्या लेकाला मुकादमी देत्यात रस्त्यावर," म्हनली. "अन् काम ते कामच की. तुला बी मिळंलच."

तीन दिस पोर पाठीशी बांधून गेले. तिसऱ्या दिशी उन्हानं तिचं अंग असं तापलं, डोळं उघडंना, मी रस्ताभर रडत आले.

चौथ्या दिशी सकाळी मावशी दारात, हात पुढं करून. "आन इकडं. उन्हात मारती का लेकराला?"

दिली. दुसरं हुतं कोन मला?

"मेंबर, दुपारी पानी पाजा तिला," म्हनले अन् चालाय लागले. जन्मात पहिल्यांदा तिला अहो-जाहो केलं.